बोंबलाला पण जिंकता आलं पाहिजे

हरेश्वर आमच्या प्रेसमध्ये चार वर्षं होता, आणि त्या चार वर्षांत मी दुपारचं जेवण एकदाही गरम जेवलो नाही.

कारण ऐका. प्रेस कोलशेतला. औषधांचे खोके, लेबलं, लग्नपत्रिका, असला माल. मी कटिंग मशीनवर. दुपारी आम्ही चौघं डबे एकत्र करायचो. सगळीकडे करतात, त्यात काही नाही. पण हरेश्वर कोळीवाड्यातला. त्यांच्यात होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. एक जण वाटे घालतो, दुसरा पाठ करून बसतो. पहिला एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठ केलेला एकेक नाव घेतो. ज्याने वाटे घातले त्याचं नाव सगळ्यात शेवटी, उरलेला वाटा त्याचा. म्हणजे लबाडीला जागाच नाही. होडीवर ठीक आहे हो. पण हा माणूस ते माझ्या डब्यातल्या भेंडीच्या भाजीला लावायचा!

चार रद्दी कागद अंथरायचे, चार वाटे घालायचे. मग मान वाकडी करून बघणार. एक फोड इकडची तिकडे. परत बघणार. परत ती फोड तिसरीकडे. आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलेलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"हा कोनाचा, शंकरदादा?"

"अरे कोणाचा पण असू दे, भोंगा होईल आता!"

"नाव घे ना रं."

भोंगा व्हायचाच. शेवटची पोळी मी उभ्याने गिळायचो.

दिसायला उंच, काळाभोर, पायाची बोटं फाकलेली. फरशीवर उभा राहिला तरी वाटायचं खाली होडी हलतेय. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं, मासळी गेली, होडी विकली, म्हणून आमच्याकडे आला. काम गठ्ठे बांधायचं. टेंपररी. दर सहा महिन्यांनी पंधरा दिवस घरी बसवायचे, मग नव्याने घ्यायचे, म्हणजे कायम करायला नको. घरी बायको आणि दोन मुली. त्याला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती, कायमचा कागद. बोलायचा, "तो कागद भेटला ना, की देव्हाऱ्यात ठेवीन. देव सरकून बसतील."

ही सगळी गोष्ट आमची कुसुम, माझी बायको, सांगायची. तिला सांगता यायची. ती जाऊन आता आठ महिने झाले. माझी चौथी झालेली, तीही धक्का मारून. पण सांगणारी राहिली नाही तर मलाच लिहायला पाहिजे.

तर पत्ते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा पोरांमध्ये पत्त्यांचं वेड आलेलं. राजा-राणीचे नव्हे. एकेका पत्त्यावर एक चित्र, पैलवानाचं नाहीतर विमानाचं, आणि खाली आकडे. आपण एक आकडा बोलायचा, समोरच्याचा कमी असेल तर त्याचा पत्ता आपला. शेठनी ते बघितलं आणि म्हणाले, आपण माशांचे काढू. चाळीस मासे. पाच पत्त्यांचं बंद पाकीट, शाळेजवळच्या दुकानांत ठेवायचं. पोरांनी पाकिटं घेऊन जमवायचे आणि जमलेल्यातले दहा निवडून खेळायचं.

शेठच्या भाच्याने कुठल्या तरी पुस्तकातून आकडे उतरवले. लांबी, वजन, वेग, खोली. छापले, कापले, कल्याणच्या होलसेलवाल्याकडे धाडले. महिन्याभरात पोती परत. होलसेलवाल्याचा निरोप, पोरं दोन दिवस खेळतात आणि सोडून देतात.

शेठ स्वतः माशाला शिवलेले नाहीत. त्यांनी हरेश्वरला केबिनमध्ये बोलावलं, बरोबर मलाही. "तू मच्छीवाला ना? बघ काय लोच्या आहे."

हरेश्वरने चाळीस पत्ते टेबलावर मांडले. मान वाकडी. मला तिथेच घाम फुटला, कारण ती मान मला माहीत होती.

"शेठ, मोरी लांबीत पयली, वजनात पयली, येगात पन पयली. ज्याला मोरी भेटली तो जिंकला. बाकीच्यांनी काय करायचा, घरी जायचा?"

"शार्क आहे ती, मोठा मासा, जिंकणारच."

"मंग खेलाचा कशाला? बोंबलाला पन कायतरी जिंकता आला पायजे."

शेठनी पत्ते गोळा करून त्याच्यापुढे सरकवले. म्हणाले, "आकडे तू घाल. दिवाळीपर्यंत माल उठला तर तुला कायम करतो."

झालं. त्या दिवसापासून आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप. मशीन चालू असताना येऊन विचारणार, "शंकरदादा, निवटीचा काय करू?" निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटाएवढा मासा. मी म्हटलं, तळून खा. तो गंभीर. दोन दिवस डोकं खाऊन त्याने शोधून काढलं. खोलीचा रकाना काढून टाकला आणि नवा घातला, पाण्याबाहेर किती टिकतो. मोरी पाण्याबाहेर काढली की खलास. निवटी चिखलावर आरामात फिरते. खेकडा तर बाजारातून घरापर्यंत जिवंत येतो. म्हणजे आता बोटाएवढा मासा मोरीला मारू शकत होता. हरेश्वर एवढा खूश, की त्या दिवशी वाटे घालायला अर्धा तास लावला.

आणि पाचवा रकाना, चव.

शेठ उडालेच. "चव? अरे माझ्या घरात हे पत्ते गेले तर माझी आई मला गंगेत बुडवेल! आणि चवीला आकडा कोण देणार?"

हरेश्वर म्हणाला, "शंकरदादाची बायको."

मला न विचारता! आमची कुसुम मुरबाडकडची, पण मासा असा करायची की शेजारी भिंतीला कान नाही, नाक लावायचे. पाच-सहा रविवार हरेश्वर सकाळी पिशवी घेऊन हजर. कुठून कुठून आणलेले मासे. ही तळायची, आमटी करायची, तो खाली मांडी घालून कागद-पेन्सिल घेऊन बसायचा.

"वैनी, बोंबील?"

"नव्वद."

"आनि पापलेट?"

"साठ."

"वैनी!" तो अर्धा उठलाच. "बोंबलाला नव्वद आनि पापलेटला साठ? लोक हसतील."

"हसू दे. पापलेट मोठ्या लोकांचं. त्याला नुसता भाव असतो, चव नसते."

"सत्तर तरी करा."

"तुम्ही विचारलंत ना मला? मग लिहा साठ. आणि तो काटा ताटात ठेवा, खाली नका टाकू."

तिचे आकडे तसेच छापले गेले. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची पोरं माझ्या बायकोच्या जिभेवर खेळत होती आणि कोणाला माहीत नव्हतं. तिला त्याचा केवढा अभिमान! मला मात्र माझे रविवार गेले एवढंच कळत होतं.

पत्ते निघाले, विकायला लागले. माणसाने आता गप्प बसावं की नाही? नाही. रविवारी दहा वाजता दारात उभा. "चल, डोंबिवलीला. पोरां कशी खेलतात बघू."

डोंबिवलीला एका बिल्डिंगच्या जिन्यात पोरं खेळत होती. हा सरळ पायरीवर जाऊन बसला. मी बाजूला, हात मागे बांधून, पोलिसासारखा. वरून एक बाई आल्या. चष्मा, हातात दुधाची पिशवी.

"काय हो, कोण तुम्ही? मुलांमध्ये काय बसलात?"

"आमी पत्त्यांचे," हरेश्वर बोलला.

"पत्त्यांचे म्हणजे? जुगार खेळायला शिकवताय?"

"नाय ताई, आकडे मीच घातलेत."

"आकडे!" त्यांचा आवाज चढला. "अहो ऐकलंत का, मटकेवाले आलेत जिन्यात!"

वरून बनियनवर एक गृहस्थ धावत खाली. मी हरेश्वरचा दंड धरून ओढतोय आणि हा जागचा हलत नाही, म्हणतोय, एवढा डाव होऊ दे. शेवटी त्या बाईंचीच दहा वर्षांची मुलगी बोलली, "आई, थांब ना. काका, हे बघा, तुमचा खेळ बिघडलाय."

बनियनवाले जिन्यातच थांबले. हरेश्वरने विचारलं, "कुठं बिगाडला, बाय?"

तिने पाच जणांचे पत्ते पायरीवर मांडून दाखवले. पाचही जणांचे दहाच्या दहा पत्ते जवळजवळ तेच. वजनासाठी मोरी, पाण्याबाहेर टिकायला खेकडा, चवीला बोंबील, वेगाला सुरमई, असे ठरलेले. बाकीचे तीस मासे पोरं रबर लावून कपाटात टाकायची. ती म्हणाली, "सगळे तेच घेतात. मग जो पहिला बोलतो तो जिंकतो. दुसऱ्यांचे पत्ते आणि आपले सारखेच असतील तर कशाला खेळायचं?"

हरेश्वरचं तोंड पडलं. मला आतून बरं वाटलं, आता तरी थांबेल. त्या बाईंनी आम्हाला चहा दिला, तोही त्याने नुसता धरून ठेवला. येताना ठाण्याच्या रिक्षेत बोटांवर काहीतरी मोजत होता. माजिवड्याला सिग्नलला रिक्षा थांबली आणि हा ओरडला, "पाच आनि पाच!"

रिक्षावाला दचकून म्हणाला, "काय पाच?"

"पाच समुद्रातले, पाच खाडीतले! दहा पत्त्यांत समुद्राचे पाचच घ्यायचे, खाडीचे पाचच. आनि एक मासा एकदाच. आता बघू कपाटात कोन टाकतो ते!"

पाकिटावर ती अट छापली. आणि खरं सांगतो, मला पत्त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण फरक मला सुद्धा दिसला. खाडीतून पाच निवडायचे म्हटल्यावर पोरांना जिताडा बघावा लागला, शिंगाळा, बोय, कोलंबी बघावी लागली. प्रत्येक गल्लीची तऱ्हा वेगळी झाली. कल्याणची पोरं वजनावर खेळायची, धाड धाड. डोंबिवलीची चवीवर. ठाण्यात एक पोरगा नुसते पाण्याबाहेर टिकणारे घेऊन फिरायचा आणि सगळ्यांना रडवायचा, मग कोणीतरी त्याच्यावर सुरमई काढली. हरेश्वर हे सगळं कटिंगच्या चिंध्यांवर लिहून ठेवायचा. कोण कशाने जिंकला, कशाने हरला. एखादा मासा फार जिंकायला लागला की पुढच्या छपाईला त्याचे दोन आकडे कमी. एखादा पडूनच राहिला की त्याला पाच जास्त. पेस्टिंगला बसणारी सुमनताई वैतागायची. छपाईआधी मजकुराचे तुकडे गमाने कागदावर चिकटवायचं काम तिचं. ती म्हणायची, "हरेश्वर, मासा तोच आहे ना? मग दर महिन्याला त्याचं वजन कमी कसं होतं? डायेटिंग करतो?"

गणपतीला कल्याणहून दुप्पट मागणी आली. शेठनी कायमचा कागद टाईप करून घेतला. हरेश्वरला बोलावून दाखवलासुद्धा, फक्त सही बाकी. म्हणाले, "दिवाळी झाली की करतो." त्या दिवशी हरेश्वरच्या बायकोने आमच्याकडे करंज्या धाडल्या.

आणि दिवाळीच्या तोंडावर शेठच्या डोक्यात आला सोनेरी पत्ता.

देवमासा. वर सोनेरी छपाई. पाचही रकान्यांत शंभर. दोनशे पाकिटांत एक टाकायचा. शेठचं म्हणणं, पोरगा एवढे पत्ते जमले की थांबतो. हा सोनेरी असला की थांबणारच नाही, पाकिटामागून पाकीट घेईल.

हरेश्वर म्हणाला, "शेठ, मंग बाकी चाळीस कशाला छापायचे?"

शेठनी ड्रॉवर उघडला, तो कागद अर्धा वर काढला, परत आत ठेवला. 

मी त्याला प्रेसच्या मागे नेला आणि हात जोडले. शब्दशः जोडले. "छाप ना बाबा शंभर. कागदावरचा मासा आहे. तुझ्या काय बापाचं जातंय?"

"पोरां खेलायची थांबतील, शंकरदादा."

"थांबू देत! दिवाळी होऊ दे, सही होऊ दे, मग थांबू देत!"

संध्याकाळी कुसुम सुद्धा समजवायला गेली. त्याला म्हणाली, "भावोजी, मुलींकडे बघा." तो मान खाली घालून "व्हय वैनी" बोलला. आम्हाला वाटलं, सुटलो.

चार दिवसांनी सोनेरी शीट माझ्या मशीनवर आली. गठ्ठा लावला, सरळ केला, आणि बघतो तर देवमाशाच्या खाली लांबी शंभर, वजन शंभर, वेग शंभर. पाण्याबाहेर शून्य. चव शून्य.

सुमनताईने चिकटवलेल्या आकड्यांवर ह्याने रात्रपाळीआधी ब्लेड मारून शंभराचं शून्य केलेलं. समोर हा गठ्ठे बांधत होता. सुतळी ओढतोय, गाठ मारतोय, माझ्याकडे बघत नाही. मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. सगळी छपाई थांबवता आली असती. जाऊन शेठला सांगायचं, नवीन प्लेट करायची, एका दिवसाचं काम. त्याचाच कागद वाचला असता. पण मी गेलो असतो तर चोर कोण ते पण बाहेर आलं असतं. मी पाय दाबला. पातं खाली आलं.

दिवाळीत दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी कल्याणचा होलसेलवाला स्वतः आला, लालबुंद. एका बापाने पोराला पाकिटं घेऊन घेऊन सोनेरी पत्ता मिळवून दिला, आणि शेजारच्या पोराने तो निवटीने मारून नेला. बोटाएवढ्या निवटीने! पोरगा जेवेना. बाप दुकानावर आला, म्हणाला, ही फसवणूक आहे. असे एक नाही, दहा आले.

शेठनी आम्हा तिघांना उभं केलं. मला, सुमनताईला, हरेश्वरला. "हे शून्य कोणी घातलं?"

मी तयारी करून गेलेलो. लगेच बोललो, "शेठ, पेस्टिंगमध्ये गम सुटून दोन आकडे पडले असतील." सुमनताईने माझ्याकडे बघितलं आणि ती पण समजली. ती कायम होती, तिला कोणी काढणार नव्हतं, फार तर दोन शब्द ऐकले असते. ती "हो शेठ, असेल" म्हणायला तोंड उघडतेय, तेवढ्यात हा शहाणा बोलला.

"मी घातला. ताईचा काय नाय. वाटे मी घातले, उरला तो माझा."

कोणी विचारलं होतं का? सगळं जमत आलेलं! शेठनी ड्रॉवर उघडला नाही. नुसतं म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

बाहेर आल्यावर मी त्याला जे बोललो ते लिहिता येत नाही. मूर्ख हा त्यातला सगळ्यात बरा शब्द. पोरींचा विचार नाही, बायकोचा नाही, कागदावरच्या माशाचा विचार! तो ऐकून घेत होता. माझं झाल्यावर त्याने विचारलं काय, तर, "शंकरदादा, त्या पोराने निवटी पान्याबाहेरच्या आकड्यावर काढली का चवीच्या? काय बोल्ला होलसेलवाला?"

मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

पुढे शेठनी देवमाशाला शंभर देऊन परत छापले. होळीपर्यंत ते पत्ते कोणी घेईना. आता हरेश्वर बरोबर होता असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी घराघरात केबल आलेलं, पोरं टीव्हीसमोर बसली, त्याने पण असेल. कुसुम म्हणायची, तुम्हाला मान्य करायचं नाही. तिला म्हणू दे. ती मला दोन वर्षं सांगत होती, कोळीवाड्यात जाऊन या एकदा. मी म्हणायचो, जातो. कामं असतात माणसाला.

नंतर त्याला बघितला तो एकदाच. मी आणि कुसुम घोडबंदर रोडने बसमधून चाललेलो, तिच्या भाचीकडे. तेव्हा तिथे नवे टॉवर उठायला लागलेले. पुढे ट्रक बंद पडला आणि बस जागेवर. खिडकीतून एका टॉवरचं गेट. गेटवर खाकी शर्टात हरेश्वर. केस पांढरे झालेले. कंत्राटदाराचा बिल्ला छातीवर, म्हणजे तिथे पण कंत्राटीच.

त्याच्या समोर कठड्यावर दोन मुलं बसलेली. एकाकडे चकचकीत परदेशी पत्त्यांचा जाड गठ्ठा, दुसऱ्याकडे मळके आठ-दहा, आणि तो डोळे पुसत होता. हरेश्वर काठी भिंतीला टेकवून वाकला. दोघांच्या हातातले पत्ते काढून घेतले आणि उलटे वाटले. ह्याचे त्याला, त्याचे ह्याला. गठ्ठेवाला मुलगा ओरडला, उठून उभा राहिला. हरेश्वर त्याला काहीतरी म्हणाला. हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. मुलगा उभा राहिला, उभा राहिला, मग बसला खाली. आणि ते मळके पत्ते उघडून एकेक बघायला लागला.

"अहो, हरेश्वर भावोजी!" कुसुमने माझा दंड हलवला. "उतरा ना."

"उतरलो की तास गेला."

"जाऊ दे तास. बस कुठे पळतेय?"

"कायम झाला असता तर आज पेन्शनला आला असता," मी म्हणालो.

"ते त्यांना सांगा उतरून."

"तू जा."

ती एकटी जाणार नव्हती, ते मला माहीत होतं. बस दहा मिनिटं तिथेच उभी होती. दहा मिनिटं मी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलेलो. मग इंजिन घरघरलं. कुसुमने खिडकीतून हात बाहेर काढला आणि गेट मागे जाईपर्यंत हलवत राहिली.

"बघितलं का त्याने?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "डाव चाललेला."